सोमवारच्या पानावरची तारीख

१

“तूच घेतलीस! दुसरं कोण घेणार? तासाभरापूर्वी तूच बोंबलत होतास ना, जाळून टाका ती फाईल म्हणून?”

“बोंबललो म्हणजे घेतली का? तू दोन वर्षं बोंबलतोयस, वकील होणार, वकील होणार. झालास?”

“ताई, बघा कसा बोलतो. शाळा सोडलेलं कार्टं, याला—”

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण त्याची कॉलर माझ्या हातात होती. वकीलताई मध्ये पडल्या. त्यांनी माझं मनगट धरलं तेव्हा त्यांचा हात गारठलेला लागला.

“गप्प बसा दोघंही. फाईल खरंच नाहीये.”

मग मी कॉलर सोडली.

ज्याची कॉलर होती त्याला सगळे मार्कवाला म्हणतात. तो लॉ कॉलेजात आहे. मोफत सल्ला केंद्रात पन्नास तास भरले की त्याला वीस मार्क मिळतात, म्हणून तो येतो आणि दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतो. केंद्र म्हणजे बंद पडलेल्या बँकेच्या तिसऱ्या मजल्यावरचा लांबलचक हॉल. दर शनिवारी दोन ते सहा इथे वकील फुकट सल्ला देतात. वकील म्हणजे सध्या एकच, ताई. बाकी दोन टेबलं, एक पोलादी कपाट, आणि एक पंखा. तो पंखा लावला की हॉलमधलं सगळं उठून नाचायला लागतं. कॅलेंडर, नोटिसा, रजिस्टरची पानं, दारावरचा पडदा. म्हणून जिकडेतिकडे दगड ठेवलेत. दाराजवळच्या भिंतीवर ओळीने बारा खुंट्या आहेत. अकरा रिकाम्या. बाराव्या खुंटीवर ताईंचा काळा गाऊन. वकिलांचा, मावशी घालते तसला नव्हे. त्या दिवशीही पंखा गरागरा फिरत होता, पडदा मार्कवाल्याच्या तोंडावर आपटत होता, आणि तो गाऊन मात्र शिक्षा झाल्यासारखा खाली मान घालून उभा होता. मी बघितलं आणि विसरलो. डोक्यात फाईल होती.

फाईल आमची होती. माझी आणि छकुलीची.

छकुली माझी बहीण, सात वर्षांची. आई गेल्यावर काका तिला घेऊन गेले. मी मावशीकडे राहिलो. मी मोठा, उलट बोलणारा, मला कोण नेणार? मावशीने कोर्टात अर्ज केला की दोघं माझ्याकडे द्या. आईने दवाखान्यात पडल्या पडल्या स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिलं होतं, माझी मुलं वेगळी करू नका, दोघांना माझ्या बहिणीकडे ठेवा म्हणून. काका म्हणतात ते पत्र खोटं, मावशीनेच लिहिलं. म्हणून सोमवारी कोर्टाला मूळ पत्र दाखवायचं होतं. झेरॉक्स चालणार नव्हती.

आणि शुक्रवारी छकुलीने काकूच्या फोनवरून गुपचूप फोन केला होता.

“दादा, आपण बुधवारी विमानात बसणार! खिडकी मी घेणार हां. तू मधे बस.”

मला मधली काय, कुठलीच जागा नव्हती. मी म्हटलं, “बरं.”

काका तिला कायमचं लांब नेणार होते, म्हणजे सोमवारी नाही तर कधीच नाही. हे मला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, आणि शनिवारी साडेचारला मी ताईंना बाहेर नेऊन सांगितलं होतं. बाकी कोणाला नाही.

“तारीख मागा की,” मार्कवाला कॉलर सरळ करत म्हणाला. “फाईल गहाळ, तीन आठवड्यांनी या. काय आभाळ कोसळतंय?”

ताईंनी केंद्राच्या कारकुनांना, अप्पांना, फोन लावला.

रिंग टेबलाच्या खणात वाजली. अप्पा त्यांचा फोन तिथेच ठेवून घरी गेले होते.

२

जे झालं ते असं झालं.

साडेतीनला ताईंनी मावशीसमोर पत्र वाचलं, फाईलमध्ये ठेवलं, फाईल कपाटात. मावशी हॉस्पिटलच्या ड्युटीला गेली. ती तिथे कपड्यांच्या विभागात आहे, चादरी धुते. कपाटाची किल्ली अप्पांच्या टेबलाच्या खणात असते आणि हे इथे येणाऱ्या मांजरालाही माहीत आहे.

अप्पा म्हणजे केंद्राचं सगळंच. चाळीस वर्षं कोर्टात कारकून होते, आता इथे बिनपगारी कारकून आहेत. फाईलला सुई-दोरा घालायचा, केसडायरी लिहायची, लोकांना नंबराने बसवायचं. मला ते “अहो” म्हणतात. सोळा वर्षांच्या पोराला! पहिल्यांदा मला वाटलं चेष्टा करतायत.

चारला ताईंचे मोठे साहेब आले. शहरातले मोठे वकील. ताई आठवडाभर त्यांच्याकडे काम करतात. ते कधीच इथे येत नाहीत, त्या दिवशी आले. मी पडद्यामागून ऐकलं.

“सोमवारी माझी मोठी केस आहे. तू मला तिथे हवीस.”

“सोमवारी माझी केस आहे, सर.”

“तुझी?” ते हसले. “ती फुकटातली?”

साडेचारला मी ताईंना बाहेर जिन्यात बोलावून बुधवारचं सांगितलं. ताई म्हणाल्या, सगळं नीट झालं तर ठीक, पण समोरच्या वकिलाने तारीख मागितली तर माझ्या हातात नाही. झालं. माझं टाळकं सरकलं. मग मी ते जाळून टाका वगैरे ओरडलो. दहा मिनिटं आम्ही जिन्यातच होतो. त्या दहा मिनिटांत हॉलमध्ये होते मोठे साहेब आणि अप्पा, आणि मधेच येऊन-जाऊन मार्कवाला, खालच्या दुकानातून झेरॉक्स घेऊन.

पावणेपाचला साहेब त्यांची काळी बॅग घेऊन गेले. पाचला अप्पा गेले, हातात रिकामा डबा आणि छत्री. साडेपाचला ताईंनी कपाट उघडलं, फाईल नाही. कुलूप जसंच्या तसं.

आम्ही मार्कवाल्याची बॅग उलटी केली. त्यात पाच पेनं, चिप्सचं पाकीट आणि तास लिहिलेली वही. मी माझे खिसे उलटे केले. त्यात काहीच नाही. ताईंनी न सांगता स्वतःची पर्सही टेबलावर ओतली. कपाटामागे, टेबलांखाली, संडासाच्या फळीवर सगळं बघितलं.

सहा वाजता ताईंनी केसडायरी कपाटात टाकली, कुलूप लावलं, आणि या खेपेला किल्ली खणात न ठेवता पर्समध्ये टाकली.

“उद्या सकाळी नऊला ये,” त्या मला म्हणाल्या. “पोलिसात गेलं तर सोमवार निघून जाईल. आपणच विचारू सगळ्यांना.”

“मी? मी तर आरोपी आहे ना?”

“म्हणूनच. दुसरं कोण इतकं मन लावून शोधणार?”

खाली उतरताना मी विचारलं, गाऊन नाही घेतला? त्या म्हणाल्या, सोमवारी इथूनच घालून जाईन, कोर्ट समोरच आहे. साहेबांच्या ऑफिसात ज्युनियरच्या गाऊनला खुंटी नसते, तो खुर्चीवर टाकायचा आणि कोणी आलं की उचलायचा.

मग त्या डाव्या हाताला गेल्या, मी उजव्या. घरी मावशी नव्हती. मी तिच्या वाटचं झाकून ठेवलं आणि दोन वेळा छकुलीचा नंबर दाबला. काकूने उचलला. मी ठेवला.

३

रविवारी ती इमारत म्हणजे भुताची. आमच्याच चपला आम्हाला मागून येताहेत असं वाटत होतं.

मार्कवाला आला, तोंड पाडून. “रविवारचे तास धरणार का?”

ताई त्याच्यासमोर बसल्या. “तू झेरॉक्स काढायला खाली गेला होतास, हो ना?”

“हो.”

“आणि तू वर आलास तेव्हा आम्ही जिन्यातच होतो, हो ना? आणि तू कपाटाकडे गेलाच नाहीस, बरोबर?”

“बरोबर,” मार्कवाला खूश होऊन म्हणाला.

मी ताईंना खिडकीपाशी ओढलं. “तुम्ही प्रश्न विचारताय की पेपर फोडताय?”

त्यांचा चेहरा पडला. वाटलं, आता मला हाकलतील. पण त्या हळूच म्हणाल्या, “मी सहा वर्षांत एकाही माणसाला प्रश्न विचारलेला नाही रे. साहेब विचारतात, मी मागे कागद धरून बसते. कुठला कागद कधी लागणार ते मला झोपेत माहीत असतं. पण तोंड उघडायचं असतं ते मला फक्त इथे मिळालं. शनिवारी. वकीलपत्रावर माझं एकटीचं नाव आहे अशी तुमची पहिली केस.”

“पहिली?” मी म्हणालो. “आधी सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर तू थांबला असतास?”

नसतो थांबलो.

त्या परत टेबलापाशी गेल्या. या वेळी एवढंच विचारलं, “वर आलास तेव्हा हॉलमध्ये काय दिसलं?”

मार्कवाल्याला स्वतःच आठवावं लागलं. “साहेब खिडकीत होते. पाठ इकडे. फोनवर कुणालातरी झापत होते. अप्पा… अप्पा उभे होते, दाराकडे. मी झेरॉक्स ठेवल्या आणि परत गेलो, एक पान राहिलं होतं.”

म्हणजे साहेब. बॅग त्यांच्याकडे, सोमवारी ताई त्यांना हव्यात, आणि त्यांची बॅग कोणी तपासली नाही. त्यांच्या घरचा पत्ता बघायला ताईंनी कुलूप उघडलं आणि केसडायरी माझ्याकडे दिली, मागच्या पानावर पत्ते आहेत म्हणून. मी मागचं पान शोधता शोधता सोमवारचंच उघडलं. आमच्या केसचा नंबर. समोर अप्पांचं तिरकं, देखणं अक्षर: ‘मूळ कागद हजर नाही. पुढील तारीख—’ आणि तीन आठवड्यांनंतरचा सोमवार.

मला असा राग आला! आम्ही इथे धावपळ करतोय आणि म्हाताऱ्याने हरलो म्हणून लिहूनसुद्धा टाकलं.

मी डायरी धाडकन मिटली. तेव्हा मला एवढंच दिसलं. आपण रागात असलो की अर्धंच दिसतं.

४

मोठे साहेब घरी नव्हते. ताईंनी फोन करून फाईल गेल्याचं सांगितलं, तेव्हा कळलं ते रविवारीही ऑफिसात आहेत. एवढ्या मोठ्या ऑफिसात ते एकटेच बसले होते, समोर थंड झालेला कप. बाहेरच्या खोलीत ताईंची खुर्ची दिसली. तिच्यावर कुणीतरी खोके रचले होते.

“काय, चोर पकडायला आलीस?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “हे कोण?”

“माझे अशील,” ताई म्हणाल्या. मी ताठ उभा राहिलो.

“सर, काल तुम्ही आमच्या हॉलमध्ये होतात तेव्हा…” आणि ताई थांबल्या. पुढे शब्दच फुटेना. मला वाटलं, गेलं सगळं.

साहेब वाट बघत राहिले. मग त्यांनाच ते सहन होईना.

“तेव्हा काय? मी फोनवर होतो. तुझ्या त्या कपाटाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. काय जागा आहे ती! तो तुमचा म्हातारा काळं काहीतरी झटकत होता, सगळी धूळ माझ्या नाकात. आठ वेळा शिंकलो. समोरच्या पार्टीला वाटलं मी रडतोय.” त्यांनी काळी बॅग उचलून टेबलावर उपडी केली. “घे. बघ. आणि एक सांगू? मला तुला अडवायचं असतं तर फाईल कशाला चोरली असती? नको जाऊस म्हटलं असतं. तू ऐकलं असतंस.”

“तुम्ही म्हटलंत, सर,” ताई म्हणाल्या. “मी ऐकलं नाही.”

साहेबांनी बॅगेतले कागद परत भरायला घेतले होते. त्यांचा हात थांबला. मला वाटतं, सहा वर्षांत पहिल्यांदा ते ताईंकडे बघत होते.

जिन्यात आल्यावर ताई भिंतीला टेकल्या. “मी अडकले. घाबरले आणि अडकले.”

“अडकलात तेच बरं झालं. तुम्ही गप्प बसलात आणि ते बडबडले.”

त्यावर त्या हसल्या. “सहा वर्षं त्यांच्यासमोर गप्प बसतेय. आज पहिल्यांदा त्याचा काही उपयोग झाला.”

आम्ही परत निघालो. रस्ता मोकळा होता, दुकानं बंद. मी चालता चालता काल बघितलेलं सगळं डोक्यात पुन्हा मांडत होतो, आणि ती डायरी काही डोक्यातून जाईना. तिरकं अक्षर. मूळ कागद हजर नाही.

मी मध्येच थांबलो. एक सायकलवाला शिवी देऊन गेला.

“ताई. फाईल नाही हे आपल्याला किती वाजता कळलं?”

“साडेपाच.”

“अप्पा गेले कधी?”

“पाचला.”

“त्यांना कुणी कळवलं?”

“कसं कळवणार? फोन खणात.” त्यांचं बोलणं मंद झालं. “का?”

“आणि डायरी सहापासून आज सकाळपर्यंत कुलपात. किल्ली तुमच्या पर्समध्ये.”

ताईंनी डोळे मिटले. “डायरीत काय आहे?”

मी सांगितलं.

५

हॉलच्या दाराचं कुलूप आम्ही लावून गेलो होतो. आता दार उघडं होतं, आणि आतून पंख्याचा आवाज येत होता.

दाराच्या चाव्या दोघांकडेच आहेत. एक ताईंकडे.

अप्पा त्यांच्या खुर्चीत बसले होते, पाय जुळवून, छत्री मांडीवर. आम्हाला बघून दचकले नाहीत. जणू काही नंबर लागायची वाट बघत असावेत.

मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होतो. खरंच जाणार होतो. पण पंखा फिरत होता. कॅलेंडर फडफडत होतं, नोटिसा उडत होत्या, पडदा दारावर आपटत होता. आणि बाराव्या खुंटीवरचा गाऊन ढिम्म.

एवढा पातळ कपडा. वाऱ्याने आधी तो उडायला हवा.

मी गेलो आणि गाऊन उचलला. खाली त्याच खुंटीला कापडी पिशवी होती, गाऊनचा घेर तिच्या बंदात खोचलेला. कोर्टातले कारकून वापरतात तसली. तिच्यात आमची फाईल. दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावलेले, पत्राला घडी पडू नये म्हणून. वर कोरडा कागद गुंडाळलेला.

आईचं अक्षर जागेवर होतं.

“चोर असून पुठ्ठे लावलेत!” माझा आवाज चिरकला. “जाळायचं होतं ना सरळ!”

“कागद जाळतात का, अहो?” अप्पा दुखावल्यासारखे म्हणाले. “चाळीस वर्षांत माझ्या हातून एका कागदाचा कोपरा दुमडला नाही. कोर्टाचा कागद मी कधी घरीही नेला नाही.”

“म्हणून इथेच लपवलात.”

“आज काढून दुसरीकडे ठेवणार होतो. उद्या ताई गाऊन उचलतील तेव्हा दिसलं असतं. तास झाला येऊन. उठवत नव्हतं.”

ताईंनी खुर्ची ओढली आणि अप्पांच्या समोर बसल्या. डायरी सोमवारच्या पानावर उघडून मध्ये ठेवली.

“हे कधी लिहिलंत, अप्पा?”

अप्पांनी चष्मा लावला. वाचलं. आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला, लहान मुलाने शाईची बाटली सांडल्यावर लावावा तसा.

“पाचला. निघता निघता. तारीख कळली की हात लिहितोच. मी लिहिलं हे मला… मला कळलंच नाही.”

“का केलंत?”

“तुमच्यासाठीच. उद्याचे न्यायाधीश फार कडक आहेत. तुमची पहिली केस. तीन आठवड्यांनी ते बदलून जातील, दुसरे येतील, मवाळ आहेत. मी बघितलेत. तारीख मिळाली की निम्मं संकट टळतं.”

“बुधवारी माझी बहीण विमानात बसणार आहे!” मी ओरडलो. “तीन आठवडे म्हणे!”

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ज्याला ते औषध समजत होते त्याने माणूस मरू शकतो, असं पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

मला वाटलं संपलं. कबूल केलं, कारण सांगितलं. पण ताई उठल्या नाहीत. काही बोलल्याही नाहीत. हात मांडीवर ठेवून अप्पांकडे बघत बसल्या. पंखा फिरत होता. एक मिनिट. दोन. मला वाटलं, मीच काहीतरी कबूल करतो आता.

अप्पांनी मान खाली घातली. मग भिंतीकडे बोट केलं.

“त्या खुंट्या मोजा, ताई.”

“बारा.”

“अकरा जण येऊन गेले इथून. पहिला आला तेव्हा त्याला अर्ज कुठे लावायचा ते माहीत नव्हतं. मी दाखवलं. दुसरीचा आवाज कापायचा. इथे बसून बसून, लोकांची रडगाणी ऐकून ऐकून तिचा आवाज असा लागला की आता तिला बघायला गर्दी होते. सगळे इथेच शिकले. पहिली केस जिंकायचे आणि मला पेढे आणून द्यायचे. मग म्हणायचे, अप्पा, पुढच्या शनिवारी नक्की.” त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. “उद्या तुम्ही जिंकाल. मी ऐकलंय तुम्हाला रिकाम्या हॉलमध्ये सराव करताना. तुम्ही जिंकणार हे मला माहीत होतं.”

ताईंनी तोंडावर हात ठेवला.

“घरी बोलायला कोणी नाही हो,” अप्पा म्हणाले. “फक्त तीन आठवडे हवे होते मला.”

६

सोमवारी मी पत्रासकट फाईल छातीशी धरून कोर्टात गेलो. माझ्या एका बाजूला मावशी, रात्रपाळी करून तशीच आलेली, दुसऱ्या बाजूला अप्पा. मी त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ते आले आणि लांब उभे राहिले. मग मावशीनेच त्यांना बाकावर जागा करून दिली. मी सरकलो नाही. थोडा सरकलो.

ताईंनी काकांना उभं केलं.

“बुधवारी तुम्ही कुठे आहात?”

“घरी.”

ताई गप्प. हातातला कागदही हलत नव्हता. कडक न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. काकांचा वकील उठायला लागला. काकांनी रुमाल काढला.

“म्हणजे… तिकिटं काढलीत, पण तसं काही पक्कं—”

“कोणाची तिकिटं?”

बस्स. पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी “बघा! बघा!” म्हणून ओरडलो आणि शिपायाने मला बाहेर काढलं. अर्ध्या तासाने दार उघडलं आणि छकुली तिची छोटी बॅग ओढत बाहेर आली. आईच्या पत्रावरचं अक्षर न्यायाधीशांनी तिच्या जुन्या वह्यांशी लावून पाहिलं होतं. शेवटचा निकाल लागेपर्यंत छकुली मावशीकडे राहणार, शहराबाहेर कोणी न्यायचं नाही.

“विमान कुठंय?” तिने विचारलं.

कोर्टात मागच्या बाकावर मोठे साहेब होते, असं मावशी म्हणाली. त्यांची स्वतःची मोठी केस वरच्या मजल्यावर होती, तरी ते खाली आले होते. कोणाशी न बोलता गेले. मंगळवारी त्यांनी ताईंना स्वतंत्र दोन केसेस दिल्या. खुर्चीवरची खोकी उचलली.

ताईंनी अप्पांबद्दल कुणालाच काही सांगितलं नाही. मलाही बजावलं. इतके दिवस मी बोललो नाही.

हे सगळं मी केंद्रात बसून लिहितोय. अप्पा म्हणाले, “लिहून ठेवा अहो, जे लिहिलं नाही ते कोर्ट धरत नाही.” “माझा गुन्हाही लिहा,” म्हणाले. कोरे कागद त्यांनीच दिले, आणि आता समोर बसून, वाचत नाही असं दाखवत, वाचतायत.

आज तिसरा शनिवार. बाराही खुंट्या रिकाम्या आहेत. ताई गाऊन घालून कोर्टात गेल्या तो परत इथे आलाच नाही. मी त्यांच्यावर चिडू का ते मला कळत नाही. मी ठरवलं होतं, चिडायचं. पण परवा त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर बघितलं, चार माणसं त्यांच्याभोवती, आणि त्या हात मांडीवर ठेवून एका बाईचं ऐकत होत्या. गप्प. मला हाक मारायला सुचलं नाही.

मघाशी त्यांचा फोन आला. अप्पांचा फोन आता खणात नसतो, खिशात असतो. “पुढच्या शनिवारी नक्की, अप्पा.” अप्पा म्हणाले, “हो हो, सावकाश या.” मग त्यांनी डायरी उघडली आणि ताईंच्या नावासमोर पुढची तारीख लिहिली. वरच्या दोन तारखा तशाच आहेत. अप्पा खोडत नाहीत. समोर फक्त बारीक अक्षरात लिहितात: तहकूब.

पंखा चालू आहे. खाली छकुली केव्हाची हाका मारतेय, दादा, दादा, चल ना, मावशीची ड्युटी सुटली. पूर्ण गल्लीला कळलं असेल मी दादा आहे ते. माझी टोपी मी बाराव्या खुंटीवर राहू देतोय, आणि अप्पांनी आत्ता वर बघितलं. नाही, विसरलो नाहीये. मला आता जायला हवं.